फक्त दिसली नाही पाहिजे

भारतात सहा ऋतू असतात असं पाठ्यपुस्तकं सांगतात. करोल बागेत दोनच असतात, कूलरचा आणि रजईचा. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रजया आत जातात, कूलर बाहेर येतात. नोव्हेंबरात कूलर आत जातात, रजया बाहेर येतात. हे जे 'आत' म्हणतात ते नेमकं कुठे, हे आमच्या घरात आजवर कुणालाच सापडलेलं नाही.

कूलर म्हणजे काय चीज आहे हे पुण्या-मुंबईच्या वाचकाला सांगायला हवं. विदर्भातल्यांना नको, ते या बाबतीत आमचे सख्खे भाऊबंद. लोखंडी पत्र्याचा, कपाटाएवढा चौकोनी डबा. तीन बाजूंना गवताच्या जाळ्या, पोटात पाणी, पुढे विमानाचा वाटावा असा पंखा. चालू केला की शेजारचा माणूस बोलतोय हे फक्त त्याच्या ओठांवरून कळतं. असे आमच्याकडे तीन आहेत. रजया सात. त्यातल्या तीन पाहुण्यांसाठी, कारण डिसेंबरात आमचे नातेवाईक दिल्लीची थंडी 'बघायला' येतात आणि पहिल्याच रात्री ती बघून घेतात.

याशिवाय संसार आहेच. पुण्याहून निघताना आईने दिलेले बारा पाट. तांब्याचा बंब, जो पेटवायला इथे जागा नाही आणि मोडीत घालायला आमच्या हिची तयारी नाही. थर्माकोलचं मखर, जे आता वापरायची सोय उरली नाही पण टाकवतही नाही. आणि १९८९ पासूनचे दिवाळी अंक. त्या साली बदली होऊन आलो, तेव्हापासून दर वर्षी दहा-बारा. पुण्याच्या घरात या सगळ्याला एकच उत्तर होतं, माळा. दिल्लीच्या जुन्या घरांतही माळा असे. त्याला इथे दुछत्ती म्हणतात. नव्या बांधकामात बिल्डर दुछत्ती काढून टाकतो आणि तिथे खोट्या छतातले बारीक दिवे लावतो. त्या दिव्यांच्या उजेडात पलंगाखालचं सामान फार छान दिसतं.

नोकरीभर सरकारी क्वार्टरमध्ये राहिलो. निवृत्तीनंतर करोल बागेच्या डब्ल्यूईए भागात तिसरा मजला घेतला, 'छतासकट'. मेट्रो जवळ, पहाडगंजातलं बृहन्महाराष्ट्र भवन आणि मुलं शिकली ती नूतन मराठी शाळा रिक्षाच्या अंतरावर. आणि मुख्य म्हणजे छत. महाराष्ट्रात गच्ची सोसायटीची असते आणि तिची किल्ली सेक्रेटरीच्या घरी खिळ्याला असते. कोजागिरीला ती मिळवायची तर आठवडाभर आधी चांगलं वागावं लागतं. दिल्लीत छत विकतात. पूर्ण विकतात, अर्धं विकतात, पावसुद्धा विकतात. आमच्या कागदात दोन-तृतीयांश छत आमचं आहे. उरलेल्या एक-तृतीयांशात चारही मजल्यांच्या काळ्या टाक्या, तळमजल्याच्या दुकानाची एसीची धुडं आणि कुणाचीच नसलेली एक मोडकी खाट. दोन-तृतीयांशाची रेघ कुठून जाते हे कागदात नाही. खाटेवरून जात असावी.

तर या छतावर आठ बाय दहाची एक पत्र्याची शेड उभारायची आणि कूलर-रजईचा प्रश्न कायमचा मिटवायचा, असं मी ठरवलं. १७७१ साली महादजी शिंद्यांनी दिल्ली घेतली आणि पुढे शहाआलमला आणून तख्तावर बसवलं. त्यांना कुणी एनओसी मागितल्याचं माझ्या वाचनात नाही. त्या मानाने माझी महत्त्वाकांक्षा लहान होती.

त्याच सुमारास आमच्या भाच्यालाही शेड हवी होती. तो अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावात असतो. मागे अंगण आहे, अंगणात गवत आहे, आणि गवत कापायचं यंत्र ठेवायला जागा नाही. गवत नसतं तर यंत्र लागलं नसतं आणि यंत्र नसतं तर शेड लागली नसती, हा माझा मुद्दा त्याने हसण्यावारी नेला. गवत ठरावीक उंचीच्या वर वाढलं तर घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र येतं म्हणे. अमेरिकेत सात कोटींहून जास्त लोक अशा असोसिएशनांच्या अमलाखाली राहतात. पेशव्यांच्या राज्यातही इतक्या लोकांना गवतावरून पत्रं गेली नसतील.

गंमत अशी की सरकारला शेडचं फारसं काही पडलेलं नाही. तिथे कित्येक ठिकाणी दोनशे चौरस फुटांपर्यंतच्या साध्या शेडला इमारतीचा परवानाच लागत नाही. परवाना लागतो तो शेजाऱ्यांचा. असोसिएशनची एक समिती असते. तिच्याकडे अर्ज, नकाशा, रंगाचा नमुना, छपराच्या कौलांचा नमुना. शेडचा रंग घराच्या रंगाशी जुळला पाहिजे, कौलं घराच्या कौलांशी जुळली पाहिजेत, शेड घराच्या मागच्या रेषेच्या मागे पाहिजे. त्याने मला ती अकरा पानं पाठवली. मुलीची पत्रिका जुळवताना इतकं पाहत नाहीत. नाडी आणि गण सोडून सगळं त्यात होतं. आणि नवव्या पानावर एक वाक्य होतं, ज्याचा मराठी अर्थ एवढाच की शेड रस्त्यावरून दिसता कामा नये.

"तुझं बरंय मामा," भाचा म्हणाला, "तुमच्याकडे नियमच नाहीत."

परदेशी गेलेल्या माणसाचा मायदेशाबद्दल जो एक गोड गैरसमज असतो, त्यातला हा. आमच्याकडे भरपूर नियम आहेत. फक्त ते कागदावर नाहीत, जिन्यात आहेत. तळापासून वरपर्यंत एकेका मजल्यावर बसून ते ऐकावे लागतात आणि प्रत्येक मजल्यावर चहा प्यावा लागतो.

पहिला चहा प्रधानजींकडे. आमच्या गल्लीच्या आरडब्ल्यूएच्या, म्हणजे रहिवासी संघाच्या, अध्यक्षांना प्रधानजी म्हणतात. मला सुरुवातीला फार भारी वाटलं होतं. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांपैकी एक दिल्लीत शिल्लक आहे आणि तो आपल्या गल्लीत राहतो! आरडब्ल्यूए ही १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली संस्था. म्हणजे सत्तावन्नच्या बंडानंतर तीन वर्षांनी झालेल्या कायद्याखाली. नाटक मंडळं आणि वाचनालयंही त्याच कायद्याखाली नोंदतात. या कायद्याने प्रधानजींना माझ्या छतावर कसलाही अधिकार मिळत नाही. त्यांचा अधिकार गल्लीच्या लोखंडी गेटावर, चौकीदाराच्या शिट्टीवर आणि सव्वीस जानेवारीच्या लाडवांवर. शीला दीक्षितांच्या सरकारने २००० साली 'भागीदारी' योजना काढली, आरडब्ल्यूएंना अधिकाऱ्यांच्या शेजारी बसवलं, आणि तेव्हापासून दिल्लीतल्या प्रत्येक प्रधानजीला आपण सरकारचा थोडासा भाग आहोत असं वाटतं. पण ज्याला अधिकार नाही त्यालाच आधी विचारावं लागतं, हे ज्याने एकत्र कुटुंबात दिवस काढलेत त्याला मी काय सांगू? आमच्या वाड्यात आत्याचा कशाशीही संबंध नव्हता, आणि तिला न विचारता कधी खिळासुद्धा ठोकला गेला नाही.

प्रधानजींनी माझा नकाशा उलटा धरून नीट पाहिला. "देखो जी," ते म्हणाले, "मेरी तरफ से हाँ है. पर मैंने हाँ बोला, ये किसी को बोलना मत."

दुसरा चहा पहिल्या मजल्यावरच्या भापाजींकडे. ते सत्तरीचे, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. "बना लो जी, बना लो! कोई गल नहीं. बस दिखनी नहीं चाहिए."

मी चमकलो. कॅरी गावच्या समितीला अकरा पानं लागली होती, भापाजींनी ते चार शब्दांत सांगितलं. सात समुद्रांच्या दोन्ही काठांवर शेडचं शास्त्र एकच निघालं. माणसाकडे अडगळ असते हे सर्वांना मान्य आहे. ती कुठेतरी ठेवावी लागते हेही मान्य आहे. फक्त ती असल्याचं इतरांना कळता कामा नये. आठ बाय दहाची शेड करोल बागेत कुणाला दिसणार, असं विचारल्यावर भापाजींनी नुसती मान वर केली. आमच्या तिन्ही बाजूंना हॉटेलं आहेत, आमच्यापेक्षा उंच. त्यांच्या खिडक्यांतून आमचं छत ताटात वाढल्यासारखं दिसतं. म्हणजे माझी शेड दिसणार ती भटिंड्याहून लेहेंग्याच्या खरेदीला आलेल्या आणि दुसऱ्या दिवशी परत जाणाऱ्या पाहुण्यांना. त्यांच्या सौंदर्यदृष्टीची भापाजींना काळजी होती.

दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ कायद्याचे फार अभिमानी. आपल्या मुळच्या बाल्कनीला काचा लावून त्यांनी तिची खोली केली आहे, खोलीच्या बाहेर पुन्हा जाळी काढून तिची बाल्कनी केली आहे, आणि त्या बाल्कनीला छज्जा काढलाय. त्या छज्ज्याखाली बसून त्यांनी मला अनधिकृत बांधकामावर पाऊण तास ऐकवलं. माझ्या डोक्यावर त्यांचा छज्जा होता म्हणून मी काही बोललो नाही. दिल्लीतली कबुतरंसुद्धा इतकं ओळखतात.

तळमजल्याच्या शेठजींचं लग्नाच्या कपड्यांचं दुकान. त्यांना शेडबद्दल आक्षेप तर नव्हताच, उलट आनंद झाला. "स्टोर बना रहे हो? बढ़िया! मेरे आठ पुतले भी रख लेना, अंकलजी. सीझन में निकाल लूँगा." लेहेंगा नेसलेले, मान नसलेले आठ पुतळे रात्रीच्या वेळी आपल्या छतावर उभे आहेत, हे चित्र मी काही काळ डोळ्यांसमोर आणलं आणि चहा अर्धा टाकून उठलो.

उरल्या तळमजल्याच्या मागच्या खोल्यांतल्या बीजी. वय चौऱ्याऐंशी. फाळणीच्या वेळी सहा वर्षांच्या होत्या, घरच्यांबरोबर रावळपिंडीहून आल्या, एक लोखंडी पेटी घेऊन. ती पेटी अजून त्यांच्या खोलीत आहे आणि तिने निम्मी खोली अडवली आहे. बीजींनी रंग विचारला नाही, उंची विचारली नाही, दिसण्याचंही बोलल्या नाहीत. "पुत्तर, पौड़ियाँ खाली रखीं," एवढंच म्हणाल्या. जिना मोकळा ठेव. २०१९ च्या फेब्रुवारीत करोल बागेतल्या एका हॉटेलला पहाटे आग लागली आणि १७ माणसं गेली. ज्यांनी ती पहाट जवळून ऐकली आहे त्यांच्या तोंडी छप्पर, पत्रा, जिना हे शब्द आले की आवाज थोडा खाली येतो. सगळ्या मजल्यांवरच्या सगळ्या चहांमध्ये मला कामाचा असा एवढा एकच नियम ऐकायला मिळाला, आणि तो मी पाळला. जिन्यात ठेवलेली माझी जुनी सायकल मी त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला दिली. इतर मजल्यांच्या चपलांची कपाटं अजून तिथेच आहेत.

या निमित्ताने एक गोष्ट ध्यानात आली. करोल बाग ही स्वतःच एक अडगळीची खोली आहे. इंग्रजांनी नवी दिल्ली बांधायला काढली तेव्हा माधोगंज, जयसिंगपुरा, राजा का बाज़ार इथली वस्ती उठवून इकडे आणली, कारण जिथे कॅनॉट प्लेस व्हायचं होतं तिथे ती दिसायला नको होती. सत्तेचाळीसनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या हजारो घरांनी इथेच पाय रोवले. कारागीर बंगालमधून आले, बीडनपुऱ्यात सोनं घडवू लागले. आमच्यासारखे बदलीवाले आले. राजधानीला जे जे समोर नको होतं ते ते इथे आणून ठेवलं गेलं, आणि मग त्या अडगळीने दुकानं काढली. आता कॅनॉट प्लेसवाले खरेदीला इकडे येतात.

असो. परवानग्या झाल्या, म्हणजे कुणी 'नाही' म्हणालं नाही. बांधकामाचा मुहूर्त सोमवारी. करोल बागेत जे काही करायचं ते सोमवारी, कारण त्या दिवशी बाजार बंद असतो आणि टेम्पो दारापर्यंत येतो. चौथऱ्यासाठी दोन पोती सिमेंट आणि थोडं बदरपूर मागवलं. बदरपूर म्हणजे जाडी रेती. दक्षिण दिल्लीच्या टोकाला त्या नावाचं गाव आहे, आणि दिल्लीचा मिस्त्री रेती म्हणत नाही, बदरपूर म्हणतो. सकाळी नऊला ढीग दारात पडला. साडेदहाला मोटरसायकलवरून एक गृहस्थ आले. ते कुठल्या खात्याचे हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. त्यांनी हेल्मेट काढलं, रेतीकडे पाहिलं, मग वर आकाशाकडे पाहिलं.

"काम चल रहा है?"

"नहीं नहीं," मी म्हणालो, "गमले भरने हैं." कुंड्या भरायच्या आहेत. आयुष्यभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाच्या तोंडून इतकं सफाईदार खोटं निघालं याचं मलाच आश्चर्य वाटलं. ते हसले. जाताना म्हणाले, "बड़े गमले हैं." त्या वर्षी आमच्या छतावर खरोखरच बावीस कुंड्या झाल्या. वांगी फार छान आली.

शेवटी नक्शेवाल्याकडे गेलो. म्हणजे नकाशे पास करून देणारा माणूस. आधीच जायला हवं होतं, पण मराठी माणूस तज्ज्ञाकडे शेवटी जातो. त्याने मला शेडच्या व्याकरणाचा धडा दिला. दिल्लीच्या नियमांत निवासी इमारत खाली गाड्यांची जागा सोडली तर साडेसतरा मीटरपर्यंत जाऊ शकते. पण जिन्याच्या वरचं छप्पर, ज्याला इथे ममटी म्हणतात, ते उंचीत धरत नाहीत. पाण्याच्या टाक्याही धरत नाहीत. "आप स्टोर बोलते हो, इसलिए गड़बड़ है," तो म्हणाला. सगळा घोळ नामात होता. वस्तू तीच, नाव बदललं की कायदा बदलतो. उंचीची गोष्ट निघाली म्हणून मी खिडकीतून बोट दाखवलं. झंडेवालानच्या बाजूला १०८ फुटांचा हनुमान उभा आहे, मेट्रोतून जाताना थेट त्याच्या चेहऱ्याशी नजरानजर होते. २०१७ साली आजूबाजूच्या अतिक्रमणाचा खटला चालू असताना दिल्ली उच्च न्यायालयाने ही मूर्ती हवेतून उचलून दुसरीकडे नेता येईल का, याचा विचार करायला सांगितलं होतं. ज्याने द्रोणागिरी हवेतून आणला त्यालाच हवेतून न्यायचं! मारुतीराय तिथेच आहेत. आमच्या छतावर दुपारी येणारी माकडं त्यांच्याच भरवशावर बिनधास्त हिंडत असावीत.

"तो फिर क्या बोलूँ?" मी नक्शेवाल्याला विचारलं.

"सोलर बोलो."

मी काही काळ गप्प होतो. मग त्याने समजावलं. सौर पॅनेल छतावर लावायची, पण चांगल्या आठ-नऊ फूट उंच लोखंडी सांगाड्यावर, म्हणजे खाली माणसाला उभं राहता येतं. तीन किलोवॉटला केंद्र सरकारच्या सूर्यघर योजनेतून ७८ हजार रुपये अनुदान. म्हणजे जी शेड पत्र्याची असती तर अनधिकृत ठरली असती, तीच काचेची केली तर सरकार तिला पैसे देतं, वर वीज मिळते. पत्र्याखाली ठेवलेली रजई बेकायदा, पॅनेलखाली ठेवलेली रजई पर्यावरणवादी.

हे मी भाच्याला फोनवर सांगितलं. तिकडे थोडा वेळ शांतता. त्याची शेड तोवर झाली होती, फक्त रंगाची एक छटा गडद निघाली म्हणून दुसऱ्यांदा रंगवायचं चाललं होतं. "मामा," तो म्हणाला, "खाली बाजूंनी काय लावलंस?" मी म्हटलं, हिरवी जाळी. नर्सरीत लावतात ती. बाहेरून काही दिसत नाही.

सौर पॅनेलं लागली त्या दिवशी जिन्यातून सगळे वर आले. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी कायद्याची प्रशंसा केली. भापाजी म्हणाले, "वाह जी, दिखता ही नहीं!" वर पॅनेलांच्या फटींतून पावसाचं पाणी गळतं हे पहिल्या पावसात कळलं, म्हणून सगळ्यांत वर प्लॅस्टिक आणि त्याखाली दिवाळी अंक असा थर आम्ही लावला आहे. एका चांगल्या संपादकाचे तीन वार्षिक अंक त्यात भिजले, त्याचं अजून वाईट वाटतं. बंब मात्र कोरडा आहे, बंबाला काय होतंय.

सध्या पॅनेलांखाली आमचे दोन कूलर आहेत, तिसरा मावला नाही. बारा पाट आहेत. सात रजया आहेत. शेठजींचे चार पुतळे आहेत, आठांवरून मी चारांवर आणले आणि त्यांना चादरी गुंडाळल्या. बीजींची पेटी आहे. ती वर चढवायला चार हमाल लागले, आणि ती ठेवून झाल्यावर बीजींच्या खोलीत पलंग सरळ लावता आला. पेटीत काय आहे हे त्यांनी सांगितलं नाही. कुलूप जुनं आहे, किल्ली गळ्यात आहे.

परवा प्रधानजी तपासणीला वर आले. जाळी हलवून पाहिली, पॅनेलं मोजली, पुतळ्यांकडे बघून थोडे दचकले. मग एका कोपऱ्याकडे बोट दाखवून, कुणी ऐकत नाहीसं बघून म्हणाले, "ये वाली जगह खाली है?"

पुढच्या सोमवारी त्यांचा कूलर वर येतो आहे. सोमवारी बाजार बंद असतो, टेम्पो दारापर्यंत येईल.